आजोबांची ३१८: चेंबर बदलायचं की नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या सहकारनगरमधल्या एका गृहस्थांचे आजोबा गेल्या वर्षी वारले. पाटबंधारे खात्यात होते, डावखुरे आणि अंगाने लहानखुरे. पन्नासच्या दशकात त्यांनी एक जुनी विलायती रायफल घेतली. माउझर बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा; बर्मिंगहॅमची नळी; आणि दस्ता मात्र इथे स्वतःच्या मापाने, डाव्या गालाला टेकेल असा अक्रोडात घडवून घेतलेला. दस्त्याच्या खाली चांदीची छोटी टिकली आणि त्यावर आद्याक्षरं. नळीवर कोरलंय ३१८. या बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या या मापाचं, काडतूस गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. रायफल सध्या परवानाधारक दुकानात जमा आहे आणि वारस म्हणून अर्ज करायचा आहे. एका परिचिताने सुचवलं, "३१८ आणि ३१५, फरक तो कितीसा? चेंबर जरा कोरून ३१५ करून टाका, खडकीची काडतुसं मिळतात." चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती पोकळी. दुसऱ्याचं मत ३०-०६ या अमेरिकन काडतुसाकडे. आणि मावसभावाचं भोसरीत वर्कशॉप आहे, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आहे, तो म्हणतो रीमर (भोक कोरून मोठं करायचं अवजार) आणून द्या, रविवारी करून देतो.

माझं उत्तर: करू नका. ३१५ नको, ३०-०६ नको, आणि भोसरी तर मुळीच नको. आमच्या घरात बंदुका दुरुस्तीचं काम तीन पिढ्यांचं आहे आणि असले प्रश्न वर्षातून दोन-तीनदा येतातच. बहुतेकांना वाटतं मी 'वारसा जपा' म्हणून नको म्हणतोय. ते कारण बरंच नंतरचं. पहिलं कारण गणिताचं आहे.

बंदुकीच्या बोअरचा आकडा म्हणजे चपलेचा नंबर नव्हे, की आठऐवजी नऊ घातला तर थोडी ढिली होईल एवढंच. आकडा कोण कुठून मोजतो यालाच धरबंध नाही. नळीच्या आत पेचदार खाचा असतात. खाचांच्या मधल्या उंचवट्यांवरून माप घेतलं तर एक आकडा येतो, खाचेच्या तळापासून तळापर्यंत घेतलं तर दुसरा. गोळी ही साधारण या दुसऱ्या मापाची असते. वेस्टली रिचर्ड्स कंपनीने १९१०च्या सुमारास ३१८ बाजारात आणली तेव्हा नाव उंचवट्यांवरून दिलं. तिची गोळी ०.३३० इंचाची. आपली ३१५ म्हणजे मूळची ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मॅनलिकर. ८ भागिले २५.४ करा, ०.३१५ येतं, म्हणजे तिचंही नाव उंचवट्यांचं. तिची गोळी ०.३२३ ची. ३०-०६ मधला ३० सुद्धा तसाच, गोळी ०.३०८ ची, आणि ०६ म्हणजे १९०६ साल.  

म्हणजे तुमच्या परिचितांना ३१८ आणि ३१५ यांत तीन थाऊचा फरक दिसला. वर्कशॉपवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. खरा फरक गोळीत आहे आणि तो सात थाऊचा. ३०-०६ घेतली तर बावीस. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. ऐकायला सात काहीच वाटत नाही, पण गोळीने खाचांत घट्ट रुतून फिरत बाहेर पडायचं असतं. सात थाऊ ढिली गोळी धड रुतत नाही, बाजूने जळता वायू पुढे पळतो, नळी खातो, आणि गोळी निशाणावर आडवी जाऊन पडते. कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखा लांबट फाटा दिसतो. बावीस थाऊ ढिली असेल तर ती नळीतून खडखडत जाते, दुसरं काही नाही.

आणि चेंबर कोरून यातलं काहीही बदलत नाही. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती पोकळी. रीमर फिरवला की मागच्या टोकाची तेवढीच पोकळी बदलते. पुढची दोन फूट नळी जशीच्या तशी राहते. दुकानदारांनाही हे सांगावं लागतं याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता पोकळीचंच बघू. रीमर धातू काढतो, घालत नाही. म्हणून जुन्या चेंबरपेक्षा नवं चेंबर सगळीकडून मोठं असेल तरच काम जमतं, जुन्याला नव्याने पूर्ण गिळलं पाहिजे. ३१८ चं पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, साठ मिलिमीटरच्या थोडं पुढे. ३१५ चं पन्नास. म्हणजे ३१५ चं काडतूस त्या पोकळीत बसवलं तर पुढे दहा मिलिमीटर मोकळी जागा, केसच्या मानेला आधारच नाही. त्यात ३१५ च्या बुडाला बाहेर आलेली रिम, म्हणजे कड, आहे. तुमचा माउझर बोल्ट बिनरिमच्या काडतुसांसाठी घडवलेला. त्याचं तोंड मोठं करावं लागेल, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं केस बाहेर ओढणारा आकडा) बदलावा लागेल, आणि मॅगझिनमध्ये एक रिम दुसरीच्या मागे अडकून दुसरं काडतूस वर येणारच नाही. ३०-०६ लांबीने त्रेसष्ट मिलिमीटर, म्हणजे ती बाजू जमेल, पण तिची मान ३१८ पेक्षा बारीक. जुन्या चेंबरची रुंद मान तशीच मागे उरणार.

चेंबर बदलणं हा मुळातच मूर्खपणा, असं मात्र मी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहामुळे जर्मन शिकाऱ्यांना ८ बाय ५७ हे लष्करी काडतूस वापरण्याची पंचाईत झाली. त्यांनी त्याच नळ्यांची चेंबरं तीन मिलिमीटर लांब करून ८ बाय ६० केली. गोळी तीच, बोल्ट तोच, फक्त केस लांब. अगदी चोख काम. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी घरी नेलेल्या माउझर रायफलींचं तसंच झालं. जर्मन काडतूस मिळेना आणि ३०-०६ ची रिकामी केसं पोत्याने पडलेली. मग चेंबर ३०-०६ च्या लांबीचं केलं, केसची मान आठ मिलिमीटरला रुंदावली, आत आठचीच गोळी. या दोन्ही ठिकाणी गोळीचं माप बदललं नाही हे लक्षात घ्या. तुमच्या ०.३३० च्या गोळीचं, इथल्या दुकानात मिळणारं, दुसरं कोणतंही काडतूस नाही. म्हणून चेंबर कशात बदलायचं हा प्रश्न उभाच राहत नाही.

गोळीचं माप न बघता चेंबर कोरलं तर काय होतं याचा एक किस्सा आमच्या धंद्यात जुना आहे. पन्नासच्या दशकात अमेरिकेत एका गृहस्थाने साडेसहा मिलिमीटरच्या जपानी रायफलचं चेंबर ३०-०६ चं केलं. रीमरच्या टोकाला एक पायलट असतो, तो नळीत सरकून रीमरला सरळ धरतो. पायलट नळीत जाईना. तिथेच माणसाने थांबावं की नाही? यांनी पायलट घासून बारीक केला आणि काम पुढे रेटलं. मग त्या रायफलने हरणही मारलं. तक्रार एवढीच, की खांद्याला धक्का फार बसतो! ०.३०८ ची गोळी ०.२६४ च्या नळीतून दाबून, लांबवून बाहेर पडत होती. ती रायफल फुटली नाही, याचं श्रेय जपानी पोलादाला. तुमच्या बाबतीत उलटं आहे, गोळी नळीपेक्षा लहान, म्हणून पायलट अडकणार नाही, सुळकन आत जाईल. धोक्याची सूचना द्यायला तेवढीही अडचण येणार नाही.

आता मावसभावाबद्दल. तो दोन मायक्रॉनमध्ये बोअर काढून देईल याबद्दल मला शंका नाही. भोसरी-चाकणच्या पोरांचा हात मी जाणतो, माझे ठोकायचे दोन पंच तिथूनच येतात. पण इथे अचूकपणाच्या आधी दोन गोष्टी येतात.

पहिली कायद्याची. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार बनवणं, दुरुस्त करणं, त्यात रूपांतर करणं, त्याची चाचणी घेणं, या सगळ्यासाठी वेगळा परवाना लागतो. तुमचा बाळगण्याचा परवाना त्याला चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. 'घरचंच काम, रविवारचं' हे न्यायालयात सांगून उपयोग नाही. रायफलची नळी, बोल्ट हे सुटे भागसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच आहेत, म्हणजे नुसती नळी काढून भोसरीला नेली तरी तोच गुन्हा. आणि तुमच्या नावावर तर अजून परवानाच नाही, दुकानातून ती बाहेर काढण्याचा विचारसुद्धा करू नका. पुढे-मागे परवानाधारक कारागिराकडून बोअर बदलून घेतलं तरी परवान्यावरची नोंद आधी बदलून घ्यावी लागते. पुणे शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवान्यावर एक बोअर आणि हातात दुसरी, ही अवस्था एक दिवसही परवडणारी नाही.

दुसरी गोष्ट पोलादाची. त्या काळच्या माउझर बोल्टची आणि रिसीव्हरची, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याची, घडण अशी, की आतलं पोलाद मऊ आणि वरचा पातळ थर कडक.  चेंबर काही थाऊ जास्त खोल गेलं, किंवा आधीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस वर्षानुवर्षं चालवलं, की बोल्टचे कान, म्हणजे त्याला जागेवर अडकवणारे उंचवटे, रिसीव्हरच्या पोलादात हळूहळू रुततात. मग काडतूस आणि बोल्ट यांच्यात फट वाढत जाते, आणि एक दिवस केस मधून फाटतं. ही फट मोजायला गो आणि नो-गो असे दोन गेज असतात. दोघांत फरक चार-सहा थाऊचा. सीएनसीवर तो धरता येईल, पण तुमची शंभर वर्षांची रायफल सीएनसीच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, कुठे आणि कशी धरायची, बोल्टचे कान आधीच किती रुतलेत, हे मशीन सांगत नाही.

बर्मिंगहॅमच्या नळीवर खालच्या बाजूला प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतील. दस्ता काढला की दिसतात. कॉर्डाइट, म्हणजे त्या काळची बंदुकीची दारू, किती ग्रेन (हे वजनाचं माप), गोळी किती ग्रेनची, कमाल किती, हे तिथे ठोकलेलं असतं. म्हणजे एवढ्या भारापर्यंत ही नळी कुणीतरी मुद्दाम जास्त दाब देऊन तपासलेली आहे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ सालचं, आणि हा तपास तिकडे कायद्याने बंधनकारक आहे. चेंबर बदललं की तो तपास संपला. शिक्का नळीवर राहतो, पण तो आता दुसऱ्याच बंदुकीचा.

मग उरतो एकच खरा मार्ग: नवी नळी बसवणं. तांत्रिकदृष्ट्या होतं. माउझरवर ३०-०६ ची नळी जगभर बसवली जाते. पण मग तुमच्याकडे आजोबांचा बोल्ट आणि आजोबांचा दस्ता लावलेली एक नवीच रायफल असेल. दस्ता डावखुऱ्या, तुमच्यापेक्षा बुटक्या माणसाच्या मापाचा. तुम्ही उजवे आहात असं लिहिलंत. चाप ओढताना तुमचा अंगठा तुमच्याच नाकावर आदळेल. म्हणजे उद्या दस्ताही बदलाल. मग राहिलं काय?

एक मजेची गोष्ट सांगतो. अमेरिकेत कुणाला आजोबांची ३१८ मिळाली असती तरी तिथल्या जाणत्या कारागिराने हेच सांगितलं असतं, की चेंबरला हात लावू नको. पण कारण वेगळं दिलं असतं. तिथे ३०-०६ चं पितळ घेऊन, डाय नावाच्या साच्यातून दाबून ३१८ चं केस बनवता येतं, ०.३३० ची गोळी विकत मिळते, आणि माणूस गॅरेजमध्ये बसून स्वतः काडतूस भरतो. बंदूक बदलायची नाही, काडतूस बनवायचं. इंग्लंडमध्ये ही काडतुसं थोड्या प्रमाणात भरूनही मिळतात. आपल्याकडे काडतूस भरणं हेसुद्धा परवान्याचंच काम, आणि एका रायफलसाठी आयात करण्याच्या भानगडीत मी कुणाला यशस्वी झालेलं पाहिलेलं नाही. इंटरनेटवर तिकडचे सल्ले वाचून येणाऱ्यांना म्हणून मी आधी विचारतो, हे तुम्ही कुठल्या देशातल्या माणसाचं वाचलंत?

रायफलच्या बाबतीत सगळ्यात आधी एक काम करून घ्या, तेही परवानाधारक कारागिराकडून, रायफल जिथे जमा आहे तिथेच: चेंबरचा साचा. नळीवर ३१८ कोरलंय म्हणजे आत ३१८ च आहे असं नाही. जुन्या जर्मन ८ मिलिमीटरमध्येही ०.३१८ गोळीची एक जात होती, आणि सत्तर वर्षांत मध्येच कुणी चेंबर कोरून ठेवलं असेल तर आपल्याला कळणार कसं?

साच्यासाठी बिस्मथचा एक मिश्रधातू येतो. पाणी उकळायच्या बऱ्याच आधी, सत्तर ते नव्वद अंशांच्या दरम्यान वितळतो. नळीत पुढून चिंधीचा बोळा घालायचा, चेंबर तेलाने हलकं पुसायचं, आणि छोट्या पळीतून धातू ओतायचा. मिनिटभरात पारा गोठल्यासारखा दिसतो. आता घाई करायची, कारण हा धातू पहिला अर्धा तास किंचित आकसतो आणि मग परत फुगायला लागतो. आकसलेला असतानाच पुढून दांड्याने हलकी टिचकी मारली की साचा टपकन हातात येतो. चेंबरची मान, खांदा, खाचांची सुरुवात, सगळं आरशासारखं. तासाभराने मायक्रोमीटर लावला की चेंबरचं खरं माप मिळतं.

तरुणपणी मी एकदा धातू ओतला आणि वडिलांनी जेवायला हाक मारली. दुकान अर्थातच एक ते चार बंद. जेवलो, आडवा झालो, चारला येऊन टिचकी मारतो तर साचा ढिम्म. दोनदा मारलं, तीनदा मारलं. वडील मागे उभे. काही बोलले नाहीत, नुसता स्टोव्ह पेटवून पाण्याचं पातेलं वर ठेवलं. नळीवर उकळतं पाणी ओतत राहिलो तेव्हा धातू वितळून थेंब-थेंब पायावर पडला. गिऱ्हाईक बाहेर चहा घेत होतं.

तेच उकळतं पाणी तुमच्या रायफलच्या नळीतूनही एकदा जायला हवं. जुन्या विलायती काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत क्षार उरतो, मिठाच्याच भावंडातला. तो तेलाने निघत नाही, पाण्यात विरघळतो. जुने शिकारी म्हणूनच संध्याकाळी कॅम्पवर परतल्यावर आधी नळीत किटलीभर पाणी ओतायचे आणि मग तेलाचा बोळा फिरवायचे. आजोबांनी ते केलं असेल तर नळी अजून चकचकीत असेल, नसेल तर चेंबरच्या पुढच्या वीतभर भागात देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतील. ते दिसले तर चेंबर बदलण्याचा वाद आपोआपच मिटला, त्या नळीवर कुणी पैसे घालणार नाही.

वारसाच्या अर्जासाठी मृत्यूचा दाखला, आजोबांचा मूळ परवाना, आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल. आत्या, काका सगळ्यांची. ही शेवटची गोष्ट रायफलच्या कुठल्याही कामापेक्षा अवघड असते, त्यामुळे कागदपत्रांची सुरुवात तिथून करा. २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि वारशाने आलेलं त्यात मोजलं जातं. तुमच्याकडे आधीचं काही नसेल तर प्रश्न नाही. कधी उडवायची इच्छा असेल तर तुमच्या मापाची एक .२२ बोअरची रायफल घेऊन बालेवाडीला रेंजवर जा, उरलेल्या एका जागेचा चांगला उपयोग होईल. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली, तेव्हा ३१८ चा धक्का खांद्यावर घेऊन तुम्ही मारणार तरी काय?

परवाना हातात आला की रायफल चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका, आजोबांनी ठेवली असेल तरीही. पुण्याच्या पावसाळ्यात ते चामडं ओल धरतं आणि गंज नेमका नळीच्या खालच्या बाजूला, दिसत नाही तिथे, प्रूफच्या शिक्क्यांवर चढतो. सुती कापडात गुंडाळून, बोल्ट वेगळा काढून, लोखंडी कपाटात. दस्त्याला जवसाचं तेल, बोटाच्या टोकावर येईल एवढंच. चांदीची टिकली पॉलिश करू नका. आणि साचा निघाला की त्याची मापं मला कळवा, मानेचं आधी.